शहराला हात हवेत, बिऱ्हाड नको

मुंबई-पुण्याचं वाटोळं बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांनी केलं, हे महाराष्ट्रात आता कुणी सिद्ध करत बसत नाही. ते गृहीत धरूनच पुढचं बोलणं सुरू होतं. लोकलच्या दारात लटकणारा माणूस ते म्हणतो, टँकरची वर्गणी काढणारी सोसायटी म्हणते, प्रचारसभेतला उमेदवार म्हणतो, निवृत्त सनदी अधिकारी रविवारच्या पुरवणीत म्हणतो. उपायही ठरलेले आहेत. कुणाला शहरात यायला परवाना लावायचा असतो. कुणाला झोपड्यांचं संरक्षण काढून घ्यायचं असतं, म्हणजे येणं आपोआप थांबेल. आणि जे मनाने चांगले आहेत ते म्हणतात, खेडी सुधारा, मग कुणाला गाव सोडावंच लागणार नाही. मला हे तिन्ही उपाय अमान्य आहेत, कारण ज्या निदानावर ते उभे आहेत तेच चुकलेलं आहे. शहरांनी माणसांचे हात कामाला लावले आणि त्यांच्या बिऱ्हाडाला जागा नाकारली, हे आपल्या शहरांचं खरं दुखणं आहे, आणि ते गेल्या दहा-वीस वर्षांतलं नाही.

लोंढ्यांचा युक्तिवाद करणाऱ्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला रोज संध्याकाळी गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, ज्याच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं, त्याला गर्दी दिसते आणि गर्दीतले चेहरे अनोळखी दिसतात. गिरणगावातून उठून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेला मराठी माणूस जेव्हा म्हणतो की माझं शहर माझ्या हातून गेलं, तेव्हा तो अक्षरशः खरं बोलत असतो. ते कुणी नेलं, एवढाच वाद आहे.

आधी आकडे, कारण लोंढ्यांची गोष्ट आकड्यांच्या धाकावरच चालते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ चीच धरावी लागते. २००१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ७८ हजार होती, २०११ मध्ये १ कोटी २४ लाख ४२ हजार. दहा वर्षांत वाढ चार टक्क्यांहून कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. मुंबईत त्या दशकात जेवढी मुलं जन्मली त्यांतून मृत्यू वजा केले, तरी वाढ याहून जास्त व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचा अर्थ सरळ आहे: मुंबईत आले त्याहून जास्त लोक मुंबई सोडून गेले. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईत, तर माणसं घटली. ३३ लाख ३८ हजारांची ३० लाख ८५ हजार झाली. अडीच लाख माणसं दहा वर्षांत जुन्या शहरातून कमी झाली, आणि नेमक्या याच दशकात, २००८ मध्ये, रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना याच मुंबईत मारहाण झाली, लोंढे थोपवायचे म्हणून.

गेलेली माणसं राहायला कुठे गेली, तेही त्याच जनगणनेत दिसतं. ठाणे जिल्हा, तेव्हाचा पालघरसहचा, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तिथे वाढलेल्या गर्दीत बाहेरच्या राज्यांतून आलेले आहेत, तसेच मुंबईने बाहेर ढकललेलेही आहेत. हे दुसरे लोक लोंढ्यांच्या हिशोबात कुणी मोजत नाही.

देशाचं चित्र घेतलं तरी गोष्ट वेगळी निघत नाही. २००१ ते २०११ मध्ये भारताची शहरी लोकसंख्या सुमारे ९ कोटी १० लाखांनी वाढली. अभ्यासक या वाढीची फोड करतात तेव्हा खेड्यातून शहरात येऊन राहिलेल्यांचा निव्वळ वाटा एक पंचमांश ते एक चतुर्थांशाच्या आसपास निघतो. सर्वांत मोठा वाटा शहरात आधीपासून राहणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या मुलांचा. आणि तिसरा वाटा अशा माणसांचा, जी कुठेच गेली नाहीत. त्यांचं गावच शहर झालं. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि कामकरी पुरुषांतले किमान तीन चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं जमलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. अशी जनगणना शहरं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्यांचा कारभार मात्र गावाच्याच पद्धतीने चालतो. ग्रामसेवकाने घरपट्टी वसूल करायची आणि सात मजली इमारतीच्या मैल्याचीही व्यवस्था त्यानेच बघायची.

कल्याण-डोंबिवलीच्या कडेची सत्तावीस गावं बघा. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती आत घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत आणली, आणि २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळायचं ठरलं. एवढ्या वर्षांत तिथल्या भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या त्या परवानगी कुणी द्यायची, नळ कुणी टाकायचा, गटार कुठे सोडायचं हे पक्कं ठरायच्या आधीच. तिथे आज रस्त्यावरून सांडपाणी वाहत असेल, तर त्याचा दोष भाड्याने राहणाऱ्या बिहारी सुताराच्या माथी कसा मारता येईल? जमीन कुणाची, नकाशा कुणी मंजूर केला आणि कुणी तिकडे बघायचं टाळलं, याचे कागद सरकारी कचेरीतच आहेत.

आता गिरणगावाकडे येतो, कारण लोंढ्यांच्या गोष्टीतला सर्वांत हळवा भाग तिथला आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. अठ्ठावन्न गिरण्यांखाली शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीतला नियम असा होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे पडतील: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या गिरण्यांचं बहुतेक आवार शेडने व्यापलेलं होतं, तिथे वाटून द्यायला जवळपास काही राहिलंच नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला. घरासाठी दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या हाती किल्ली पडली.

सहाशे एकरांतला दोन तृतीयांश वाटा शहराला मिळाला असता, तर परळ-लालबागच्या माणसाला विरारची गाडी धरावी लागली नसती. त्याची खोली गोरखपूरहून आलेल्या टॅक्सीवाल्याने बळकावलेली नाही. तो टॅक्सीवाला स्वतःच सांताक्रूझच्या झोपडपट्टीत पोटमाळ्यावर झोपतो. जमिनीच्या या व्यवहारात जे मालामाल झाले त्यांची नावं कुणी घोषणेत घालत नाही, कारण ती सर्व पक्षांच्या जवळची आहेत. आणि ज्याची जमीन गेली त्याच्या रागाला ज्याच्याकडे जमीनच नाही असा माणूस दाखवून दिला जातो. गेल्या चाळीस वर्षांत मराठी कामगाराची याहून मोठी फसवणूक झाली असेल असं मला वाटत नाही.

बिऱ्हाड नाकारण्याचा धंदा मात्र त्याहून जुना आहे. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून गडी येत राहिले. ते राहिले कसे? गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, तीत एकाच गावचे पंधरा-वीस जण. भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येकाची एक खुंटी. वळकट्या कोपऱ्यात रचलेल्या. रात्रपाळीचा सकाळी येऊन आडवा व्हायचा तेव्हा दिवसपाळीचा नुकता उठून गेलेला असायचा. भाडं सगळ्यांत वाटून. गावाहून नवा पोरगा आला की याच खोलीत उतरायचा आणि याच खोलीतला कुणीतरी मुकादमाकडे शब्द टाकून त्याला बदलीवर चिकटवायचा. जेवण खानावळवालीकडे, हिशोब पगाराच्या दिवशी. ही खानावळवाली बहुधा कामगाराचीच बायको किंवा विधवा असायची, दिवसाला वीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी आणि वाणसामानासाठी सावकाराच्या व्याजात अडकलेली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर त्यांच्या कामाला कुणी उद्योग म्हटलं नव्हतं. आख्ख्या गिरणधंद्याचं पोट त्यांच्या चुलीवर चालत होतं.

मालकाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सोयीची होती. एकट्या गड्याला दिलेला पगार कुटुंबाला पुरेल एवढा असायची गरज नव्हती, कारण कुटुंबाचं निम्मं पोट गावाकडची खाचरं भरत होती. गडी आजारी पडला, म्हातारा झाला, गिरणी बंद पडली, की त्याने गावी जायचं. आजारपण गावाच्या खर्चाने, म्हातारपण गावाच्या खर्चाने, मुलं वाढवणं गावाच्या खर्चाने. कोकणातल्या बाईने वरकस जमिनीत नाचणी पिकवून मुंबईच्या गिरणीमालकाला मजुरीत सूट दिली, असा याचा जमाखर्च आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेच्या आसपास बायका होत्या. दुसऱ्या टोकाला रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्येही हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या.

शहर चालवणाऱ्यांनी ही विभागणी कधी मोडली नाही. १८९६ ला प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पण जितक्यांना उठवलं तितक्यांना घरं दिली नाहीत. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी झाल्या, एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तो कायदा भाडेकरूला वाचवायला होता, आणि लाखो कुटुंबांना त्याने वाचवलंही. पण त्यानंतर भाड्याने द्यायला नवी चाळ बांधायला कुणी पुढे येईना, आणि जी बांधायची जबाबदारी सरकारवर येऊन पडली ती सरकारने गरजेच्या मानाने कधीच घेतली नाही. मग नव्या माणसाने राहायचं कुठे? नाल्याच्या काठी, रुळांच्या कडेला, डोंगराच्या उतारावर. २०११ मध्ये मुंबईतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत मोजले गेले. त्याच मुंबईत जवळपास ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती, असं २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. घरं कमी पडतात म्हणून झोपडी होते, हे अर्धंच खरं. घरं गुंतवणुकीसाठी बांधली जातात, आणि राहण्यासाठी घर हवं असलेल्या माणसाला त्या बाजारात उभंही राहू देत नाहीत.

तरीही काहीजण म्हणतील, संरक्षण काढून घ्या. हा प्रयोग करून झालेला आहे. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस फुटपाथवर राहतो तो काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून, हे त्या निकालाने ओळखलं. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायची मुभाही दिली, आणि तेव्हापासून आपलं धोरण या दोन वाक्यांच्या मध्ये लोंबकळत आहे. पुढे झोपडीला संरक्षणाची तारीख ठरली १ जानेवारी १९९५. मग २०००. मग २०११. दर वेळी तारखेच्या अलीकडचा माणूस शहराचा आणि पलीकडचा घुसखोर. १९८१ नंतर फुटपाथ रिकामे झाले नाहीत, कारण ज्या बाजारात, गोदीत, बांधकामावर ती माणसं खपत होती तो बाजार, ती गोदी, ते बांधकाम कुणी शहराबाहेर नेलं नव्हतं.

परवान्याचं उत्तर तर अगदी थोडक्यात देता येतं. राज्यघटनेने देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिलेला आहे. आणि चीनने १९५८ पासून कुटुंब-नोंदणीची कडक पद्धत राबवूनही तिथे २०१९ मध्ये २९ कोटींच्या घरात स्थलांतरित कामगार होते. आले ते आलेच. फक्त त्यांना शाळा आणि दवाखाना शहरवासीयाच्या बरोबरीने मिळाला नाही, आणि कोट्यवधी मुलं आजी-आजोबांकडे गावी वाढली. एवढी सत्ता हाती असलेल्या सरकारला जे जमलं नाही ते दहिसर नाक्यावर पोलीस उभे करून जमणार नाही.

आता सहृदय मंडळींचा उपाय: खेडी सुधारा. खेडी सुधारलीच पाहिजेत, तिथे राहणाऱ्यांसाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यभर गेलेली रोजगार हमी योजना ही या महाराष्ट्राने केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक आहे. तिने माणसं जगवली. हिवरे बाजारला पाणलोटाची कामं झाली तेव्हा बाहेर गेलेली कुटुंबं परत आली, हेही खरं आणि आनंदाचं. पण गावातली माणसं शहरात येऊ नयेत यासाठी गाव सुधारायचं, असं म्हणणं निराळं आहे. त्यात गावकऱ्याचं भलं दुय्यम आणि शहरवासीयाची अडचण मुख्य असते. शिवाय ते घडतही नाही. पश्चिम महाराष्ट्रात धरणं, साखर कारखाने, दूध संघ, शिक्षणसंस्था सगळं झालं, आणि तिथून मुलं पुण्या-मुंबईला, बंगळुरूला, परदेशाला गेली. शाळा चांगली झाली की मुलगा पुढे शिकतो, आणि शिकलेल्याला लायक काम चार एकरांत नसतं. गाव सुधारल्यावर जाणं बऱ्याचदा वाढतं, फक्त ते लाचारीचं राहत नाही. त्यात वाईट काय आहे?

आणि गावात काय सोडून माणूस येतो, याचाही विचार करा. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती वाचनातून सुचलेली नव्हती. ते स्वतः परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले होते. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईला पायी आले. शहराने त्यांना काय दिलं? कोळशाचं, हमालीचं, गिरणीचं काम, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडी, आणि जातीवरून कुणी हाक मारणार नाही अशी चार रस्त्यांची मोकळीक. जातीची विचारपूस मुंबईतही होत होती. गिरणीच्या कापडखात्यात, जिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, दलित कामगाराला लूमवर उभं राहू देत नसत. तरी लोक येत राहिले, कारण गावात जे होतं ते याहून वाईट होतं. ज्यांची गावात जमीनही होती आणि जातही वरची होती, त्यांनी इतरांना गावातच सुखाने राहा म्हणून सांगू नये.

जाणाऱ्यांतले सर्वांत दुबळे लोक तर शहरापर्यंत पोचतही नाहीत. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, आणि बऱ्याचदा ती हंगामभर तोडूनही फिटत नाही. फडाजवळ पाचटाची, ताडपत्रीची कोपी. पहाटे तीन-चारला उठून बाई भाकरी करते, मग तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. दिवस उतरला तरी गाडी कारखान्याला लागेपर्यंत काम संपत नाही. धाकटं पोर बांधावर, थोरली मुलगी त्याला सांभाळायला, म्हणजे तिची शाळा बुडाली. एक खाडा झाला तर दंड. पाळीतही खाडा चालत नाही, दुखणं अंगावर काढलं जातं, आणि शेवटी अनेक बायका खाजगी दवाखान्यात पिशवी काढून येतात. २०१९ मध्ये हा प्रश्न इतका चव्हाट्यावर आला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हे सगळं स्थलांतर एका ग्रामीण भागातून दुसऱ्या ग्रामीण भागात होतं. त्यातलं एकही माणूस शहराच्या लोकसंख्येत वाढत नाही, म्हणून लोंढ्यांवरच्या एकाही लेखात त्यांचा उल्लेख नसतो. या बाईच्या मुलीला उद्या पुण्यात भाड्याची खोली आणि महापालिकेची शाळा मिळाली, तर ती शहरावरची आपत्ती होणार नाही, या मुलीची सुटका होईल.

२०२० च्या टाळेबंदीने शहरांचं हे बिऱ्हाड नाकारणं उघडं केलं होतं. २४ मार्चला घोषणा झाली, आणि काही दिवसांत कसारा घाटातून पायी निघालेली माणसं देशाने पाहिली. ८ मे ला करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या घरी निघाले होते. त्या दिवसांत शहर सोडून जाणाऱ्यांना अडवा, नाहीतर कामं बंद पडतील, अशी काळजी बिल्डर आणि कारखानदार करू लागले. एरवी जे लोंढे, ते तेव्हा एकदम मनुष्यबळ झाले. पगार थांबल्यावर महिनाभर थांबता येईल अशी खोली, उधार देईल असा ओळखीचा वाणी, रेशन देईल असं दुकान, यांतलं काहीच या माणसांकडे नव्हतं. वर्षानुवर्षं राबूनही शहरात त्यांचं बिऱ्हाड झालेलंच नव्हतं. घर असतं तर ते घरात बसले असते.

पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या सुमाराला जाऊन उभं राहावं. थापी-ओळंबा घेऊन गवंडी, घमेलं घेऊन बाया, बहुतेक मराठवाड्यातल्या आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या. दहापर्यंत कुणी नेलं तर हजेरी, नाहीतर डबा घेऊन परत. तिथल्या एका बाईने मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं: “दादा, कार्ड गावाकडं, मत गावाकडं, पोरगं सासूपाशी. हितं निस्ते आमी.” देशभर कुठेही धान्य उचलता येईल अशी रेशनची सोय झाली आहे, पण घर दोन ठिकाणी फाटलेलं असताना कार्डावरचं धान्य सासू गावाकडे उचलते आणि इथे पीठ विकत घ्यावं लागतं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठी जमा होतो. त्याचा लाभ मिळायला आधीच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जिचा मालक रोज बदलतो, तिने तो कुणाकडून आणायचा? दाखला देण्याचे अधिकार असलेले सरकारी लोक आहेत, पण ते तिला ओळखत नाहीत, आणि अर्ज भरून देणारा एजंट पैसे मागतो.

हे बदलता येतं, आणि या महाराष्ट्राने एकदा बदलून दाखवलं आहे. जावळी, पाटण, जुन्नरचे लोक मस्जिद बंदरात, दाणाबंदरात पाठीवर पोती वाहत होते. रोज वेगळ्या व्यापाऱ्याकडे, वारईवर, कसलीही नोंद नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. प्रत्येक धंद्याला मंडळ, त्यात कामगाराची नोंद, व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना. मालक रोज बदलला तरी माणूस नोंदीतून सुटत नाही, अशी ही रचना आहे. नंतर बाजार वाशीला गेला, आणि कोपरखैरणे, घणसोलीत माथाड्यांची घरं झाली. तिथे त्यांची मुलं शिकली, डॉक्टर झाली, नगरसेवक झाली. आज माथाडीच्या नावावर काही ठिकाणी खंडणी चालते हे मला माहीत आहे, तिचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. पण साताऱ्याच्या डोंगरातून आलेला निरक्षर हमाल दोन पिढ्यांत नवी मुंबईचा नागरिक झाला तो या कायद्यामुळे.

अड्ड्यावरच्या माणसांसाठी असंच मंडळ का नको? उपकराचा पैसा आहे, कायद्याचा नमुना घरचाच आहे, अड्डे कुठे भरतात ते महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाला ठाऊक आहे. तिथे दर महिन्याला एक कारकून बसवून जागेवर नोंदणी करता येईल. अड्ड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेने मासिक भाड्याच्या खोल्या बांधायच्या, विकायच्या नाहीत, कुणाच्या नावावर करायच्या नाहीत, फक्त भाड्याने द्यायच्या, आणि कुटुंब घेऊन येणाऱ्याला आधी द्यायच्या. त्या बाईचं पोरगं जूनमध्ये वारज्याच्या शाळेत यायला हवं असेल, तर खोलीचं भाडं तिच्या महिन्याच्या सहा-सात हजेऱ्यांत बसलं पाहिजे. विकास आराखड्यात क्लब हाउसला आणि पार्किंगच्या मजल्यांना जागा निघते, तशी या खोल्यांना निघाली पाहिजे. आणि महापालिका निवडणुकीत जो उमेदवार लोंढ्यांचं नाव काढेल त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमच्या प्रभागात भाड्याच्या किती खोल्या बांधणार आणि कोणत्या सर्व्हे नंबरवर.